हात स्थिर नाही

शेरा तीन शब्दांचा होता. क्लबच्या रजिस्टरात माझ्या नावासमोर, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: हात स्थिर नाही. खाली सुभेदार शेळके यांची सही. पुढं मी सगळं आयुष्य बातमीच्या धंद्यात काढलं. माणसांविषयी याहून कितीतरी वाईट वाक्यं रोज वाचली, काही माझ्या हातून छापलीही गेली. पण इतकं थोडक्यात, इतकं ठाम आणि इतकं चुकीचं वाक्य फार क्वचित बघायला मिळालं. हे प्रकरण त्या वाक्याविषयी आहे. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि ते वाक्य खोडून घ्यायचंच, असं ठरवून बसले होते.

आम्ही गारखेड्यात दोन खोल्यांत राहायचो. मी, आई आणि अण्णा. अण्णा, म्हणजे माझे वडील, शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. गोल काच चौकटीच्या मापाला आणायची, कडा मोडायच्या, काच चौकटीत बसवायची, हे त्यांचं काम. दुकानातलं उरलेलं काम ते घरी आणत. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचा घासायचा दगड होता, पाण्याच्या तसराळ्यात अर्धा बुडालेला. काच दगडाला लागली की खर्र असा ओला आवाज यायचा आणि मग मध्येच थांबायचा, कारण अण्णा काच उजेडाकडं धरून बघत. तो आवाज, ती थांबण्याची वेळ, परत आवाज. आमच्या घराचं घड्याळ तेच होतं. काचेची पांढरी भुकटी खिडकीच्या पट्टीवर, अण्णांच्या भुवयांवर, कधी कधी भाकरीच्या टोपलीवरच्या फडक्यावरही बसायची. आई ते फडकं झटकायची आणि म्हणायची, "लोकायच्या घरात पीठ उडतं, आमच्यात काच उडती." आई गंगापूरकडची, कापसाच्या रानातली. तिचं बोलणं आखूड आणि कामाचं. रविवारी ती येसर आमटी करायची. भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या त्या वासानं गल्लीतली दोन-तीन पोरं तरी आमच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. आमटी कमी पडली की तिच्यात गरम पाणी वाढायचं आणि वरून तिखट. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

सुभेदार शेळके अण्णांचे गिऱ्हाईक होते. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, सहा फुटांच्या आसपास उंच, रुंद चेहऱ्याचे. पडेगावच्या बाजूला एका माळावर ते छर्‍याच्या बंदुकांचा क्लब चालवत. पत्र्याची शेड, पुढं मातीचा बांध, बांधाला टेकवलेल्या लाकडी चौकटी आणि त्यांवर कागदी निशाण, एवढाच तो क्लब. एकदा मी अण्णांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. तिथं भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ मी दारातून वाचून दाखवली. सुभेदार खुर्चीत बसून चष्म्याची वाट बघत होते. ते अण्णांना म्हणाले, "मास्तर, ही नजर घरात ठेवायची नाही. आइतवारी पाठवा." फी घेतली नाही. हे नोंदवायला हवं, कारण पुढं जे घडलं त्यात त्यांची बाजू वाईट दिसते आणि ते वाईट नव्हते. श्वास अर्धा सोडून थांबवायचा कसा, बोट न झटकता चाप कसा ओढायचा, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं.

दर रविवारी मी सायकलनं छावणीतून पुढं पडेगावला जायची. क्लबात बाकीच्या बंदुका साध्या होत्या, एकीवर दुर्बीण होती. दुर्बीण म्हणजे नळीमागं, बंदुकीच्या पाठीवर बसवलेली हातभर लांबीची दूरदर्शक नळी. तिच्यात डोळा लावला की निशाण चौपट जवळ यायचं आणि त्यावर दोन बारीक काळ्या तारांची फुली दिसायची. फुली जिथं, छर्रा तिथं, असा साधा हिशेब. या बंदुकीभोवती क्लबाची एक रीत होती. दर वर्षी खंडेनवमीला सगळ्या बंदुका पांढऱ्या चादरीवर मांडायच्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. मग सुभेदार स्वतः पोटावर झोपायचे, दहा छर्रे मारायचे, दुर्बिणीचे स्क्रू फिरवत फिरवत छर्रा मधोमध आणायचे आणि सुनेकडून आणलेलं लाल नेलपॉलिश स्क्रूंवर आणि पुढच्या काचेच्या कडीवर ओतून ते बंद करायचे. पुढच्या खंडेनवमीपर्यंत दुर्बिणीला कुणी बोट लावायचं नाही. पूजा झालेलं हत्यार छेडायचं नाही, असं ते म्हणायचे. आणि दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावतात त्या लाकडावर, त्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. गाल कुठं टेकवायचा त्याची ती खूण. शेडमधून दिवसभर एकच आरोळी यायची: "गाल खिळ्याला! श्वास अर्धा! बोट हळू!"

आजच्या दुर्बिणींना बाजूला एक चाक असतं, त्यावर मीटरचे आकडे असतात. मी अजूनही रविवारी नेमबाजीला जाते. शेजारच्या गादीवरच्या मुली ते चाक पाणी पिण्याइतक्या सहज फिरवतात. एकीनं मला परवा विचारलं, "मावशी, हे आधी नव्हतं का?" मी म्हटलं, आमच्याकडं नव्हतं. आमच्याकडं खिळा होता.

साध्या बंदुकीवर माझी निशाणं चांगली जात होती. म्हणून सुभेदारांनी मला दुर्बिणीच्या बंदुकीवर घेतलं. जालन्याच्या क्लबाशी सामना व्हायचा होता, अंतर पंचवीस मीटर, प्रत्येक क्लबाचे तीन नेमबाज. दोन जागा ठरल्या होत्या, त्यांतली एक मच्छिंद्रची. मच्छिंद्र क्लबातला सगळ्यात पक्का नेमबाज, बोलण्यातही तसाच. तिसरी जागा माझी होणार, असं सगळे धरून चालले होते. पण दुर्बिणीवर आल्यापासून माझे छर्रे कागदभर पसरायला लागले. एक मधोमध, पुढचा त्याच्या बोटभर वर, तिसरा तेवढाच खाली. मच्छिंद्र त्याच बंदुकीनं, त्याच अंतरावर, पाच छर्रे एका भोकात घालायचा. मग कागद काढून आणताना म्हणायचा, "कलेक्टरीणबाई, तुम्ही काय निशाण मारायल्या का कागदाला लस टोचायल्या?"

सुभेदारांनी माझा कागद बघितला आणि निदान केलं. हात हलतो. चहा बंद कर. रोज संध्याकाळी वीट धरून हात सरळ ठेव. मी चहा बंद केला आणि महिनाभर वीट धरली. महिन्याभरानंतर वीट पुस्तकासारखी हलकी वाटायला लागली, पण छर्रे तसेच पसरत होते. मग तो शेरा आला. घरी जाऊन मी सांगितलं तेव्हा आई तेलाचा डबा उघडून बसली होती. तिनं बारीक तोंडाची काचेची बाटली माझ्यापुढं ठेवली.

"हात हालतो म्हणला? ये. भर हे तेल. नरसाळं नाय द्यायची."

मी डब्यातून बाटलीत तेल भरलं, गळ्यापर्यंत. खाली थेंब पडला नाही.

"हाललं?"

"नाही."

"मंग चूक दुसरीकडं हाय. भाकर करपली की आधी जाळ बघावा. थापणारीचा हात मागून."

आईनं दुर्बीण कधी बघितलीही नव्हती. पण नंतरच्या तपासातलं पहिलं बरोबर वाक्य तिचं होतं.

जाळ कुठं आहे ते पुढच्या रविवारी सापडलं, आणि तेही काही शोधताना नाही. दुपारची सुट्टी होती. बंदूक वाळूच्या दोन पिशव्यांवर ठेवलेली होती, नळी सांध्यात वाकवून उघडी, आत छर्रा नाही. मी शेजारी बसून धपाटे खात होते. हाताला तेल म्हणून बंदुकीला हात लावायचा नव्हता. तरी सवयीनं वाकून नुसता डोळा लावला. फुली निशाणाच्या काळ्या गोलावर होती. घास गिळताना डोकं थोडं हललं. फुली गोलाच्या कडेला गेली. मी डोकं मागं आणलं, फुलीही परत आली. बंदूक वाळूवर मढ्यासारखी पडलेली होती. तिला कुणी शिवलं नव्हतं. मी घास हातात धरून डोकं वर नेलं, खाली नेलं, डावीकडं, उजवीकडं. दर वेळी फुली सरकली. गव्हाच्या दाण्याएवढं डोकं हललं की तिकडं कागदावर ती जवळजवळ बोटभर हलत होती. माझे छर्रे जेवढे पसरायचे तेवढंच.

घरी अण्णा काच घासत होते. मी जे बघितलं ते सांगितलं, क्रमानं, काही न वाढवता. दगडाचा आवाज थांबला. अण्णांनी हात पुसले आणि मला खिडकीशी उभं केलं.

"समोरची पाण्याची टाकी दिसती? तिच्यावर पाटी आहे बघ. आता खिडकीचा हा गज त्या पाटीवर धर. डोळ्यानं. धरला? आता डोकं हलव."

गज पाटीवरून सरकला.

"गज हलला का?"

"नाही. मी हलले."

"गज जवळ, पाटी लांब. दोन्ही एका जागी नाहीत, म्हणून तू हललीस की त्यांची जोडी मोडती. आता समज, तो गज पाटीवरच रंगवलाय. मग?"

"मग कितीही हलले तरी तिथंच."

"झालं. दुर्बिणीत तसंच. समोरची काच निशाणाचं चित्र आत आणून सोडती. ते चित्र बरोबर तारांच्या फुलीवर पडलं पाहिजे, रंगवल्यासारखं. तुमची दुर्बीण लांबच्या मापाची असंल. शंभर मीटरचं चित्र फुलीवर पडतं, पंचवीसचं पडत नाही, थोडं मागं पडतं. मग मध्ये फट राहती. त्या फटीमुळं फुली हलती."

"मग मच्छिंद्रचं का हलत नाही?"

अण्णा परत दगडापाशी बसले. मग त्यांनी विचारलं, "गाल कुठं टेकवतो तो?"

मी खिळ्याचं सांगितलं. अण्णा हसले. त्यांना हसताना मी फार बघितलेलं नाही. डोळा दुर्बिणीच्या बरोबर मधोमध असला की फट असूनही फुली खरी जागा दाखवते, आणि खिळ्यामुळं तो डोळा दर वेळी तिथंच येत होता. पण खिळा सुभेदारांच्या गालाच्या मापाचा होता. मच्छिंद्र आणि बाकीचे उंच, रुंद चेहऱ्याचे, त्यांना तो बसत होता. माझा चेहरा लहान. खिळ्याला गाल लावला की डोळा दुर्बिणीच्या मध्याच्या खाली राहायचा आणि चित्राला खालून काळी कोर लागायची. ती घालवायला मी गाल उचलायची. उचललेला गाल दर वेळी वेगळ्या उंचीवर थांबायचा आणि दर वेळी फुली मला वेगळी जागा दाखवायची. मी मात्र दर वेळी तिच्यावर विश्वास ठेवून, श्वास अर्धा सोडून, अगदी स्थिर हातानं चुकीच्या जागी छर्रा मारत होते.

"दुरुस्त होईल?"

"पुढच्या काचेची कडी सैल करायची, काच फिरवून एखाद-दीड आटा बाहेर घ्यायची. चहा पिऊन होईस्तोवर होईल."

"मग रविवारी चला."

"नाही," अण्णा म्हणाले. "त्यांनी लाल लावून बंद केलंय. त्यांनी म्हटलं तर उघडीन. आपण काचवाले, बाई. गिऱ्हाईकाला दिसत नाही म्हणून गिऱ्हाईकाशी भांडत नाही."

मी म्हटलं, मी काचवाली नाही. हे मी उद्धटपणानं म्हटलं होतं. आज लिहितानाही ते मला मागं घ्यावंसं वाटत नाही.

त्या रविवारी जालन्याच्या सामन्याची निवड पक्की व्हायची होती. संघाचा कागद शेडच्या खांबाला लावला होता, त्यावर दोन नावं आणि तिसरी ओळ रिकामी. मी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, नळी उघडी केली आणि सुभेदारांना म्हटलं, काका, पाच मिनिटं द्या, एक दाखवायचंय. ते म्हणाले, "क्या दिखाना है? निशाण दाखव." मी म्हटलं, तेच दाखवते. पेन्सिल घेऊन मी पंचवीस मीटर चालत गेले आणि निशाणाच्या कागदाशेजारी उभी राहिले. बंदुकीला कुणी हात लावायचा नाही, असं तिथून ओरडून सांगितलं. एकेकानं डोळा लावायचा आणि फुली कुठं दिसते ते मला सांगायचं. पेन्सिलचं टोक वर घे, खाली घे, थांब. थांब म्हटलं की मी ठिपका काढणार.

मच्छिंद्र आधी आला. गाल खिळ्याशी आणून त्यानं बघितलं. "वर... अजून... थांब. मधोमध. पास झालो का, बाई?" मी ठिपका काढला. मग म्हटलं, आता गाल उचल. गव्हाच्या दाण्याएवढा.

"कामून?"

"उचल तर."

त्यानं उचलला. परत खाली नेला, परत उचलला. मग म्हणाला, "आयला." मग, "खाली घे. अजून. अजून खाली. थांब." ठिपका काळ्या गोलाच्या कडेवर पडला. त्यानं डोकं काढून बंदुकीकडं बघितलं, तिला कुणी धक्का दिला का ते बघावं तसं, आणि परत डोळा लावला. "बंदूक हलली नाय," तो मोठ्यानं म्हणाला. "आईशपथ, बंदूक जागची हलली नाय."

मग सुभेदार आले. त्यांना गुडघ्यावर बसायला वेळ लागला. खिळ्याशी गाल. "मधोमध," ते म्हणाले, मच्छिंद्रच्याच जागी. मी म्हटलं, काका, आता दाणाभर वर. त्यांनी डोकं वर घेतलं आणि त्यांचं थांब म्हणणं आलंच नाही. मी कागदाशी पेन्सिल धरून उभी होते. लांबून मला फक्त त्यांची टोपी दिसत होती, हळूहळू वर जाणारी, खाली येणारी, डावीकडं, उजवीकडं. एवढ्या अंतरावरूनही मला कळलं की त्यांना दिसलंय.

मी परत आले तेव्हा ते उठून उभे होते. पँटीची माती झटकत म्हणाले, "फौजेत शंभर मीटरवर मारायचो. तिथं असं कधी दिसलं नाय."

"शंभरवर दिसणारच नाही. पंचवीसवर दिसतं." मी अण्णांचं सगळं सांगितलं, गजाचं, पाटीचं, समोरच्या काचेचं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग खांबावरच्या कागदाच्या तिसऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. "शनिवारी जीप सकाळी निघती. दुर्बीण आपण खंडेनवमीला बघू. तोवर गालाखाली फडकं बांध."

हे पुरेसं होतं, असं पुढं मला अनेकांनी सांगितलं. जागा मिळाली होती, चूक कबूल न करता का होईना, मान्य झाली होती. एखादा शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी म्हटलं, काका, रजिस्टरातला शेरा खोडा.

"रजिस्टरात खाडाखोड होत नाय. शिस्त हाय."

"मग खाली लिहा."

"काय लिहू? सुभेदार शेळक्याला इतकी वर्षं दिसलं नाय, असं लिहू?"

"दुर्बिणीत दोष होता, एवढंच."

"जागा दिली ना? आता शेरा कोण वाचतंय, पोरी?"

मी वाचते, असं मी म्हटलं. शेडमध्ये सात-आठ जणं होती. सगळी छर्रे मोजत असल्यासारखी खाली बघत होती. रजिस्टर टेबलावर उघडं होतं, पेनही तिथंच. मी ते पेन घेतलं आणि माझ्या शेऱ्याखाली लिहिलं: वरील शेरा चुकीचा आहे. दोष दुर्बिणीचा होता. खाली माझी सही.

सुभेदार जवळ आले. वाचलं. आवाज न चढवता म्हणाले, "ठीक हाय. हे मी बघितलं नाय. आता पान उलटू नको."

तोवर पान उलटायचं माझ्या मनातही नव्हतं. त्यांच्या त्या वाक्यानंच कळलं की मागं काहीतरी आहे. मी उलटलं. मागं, आणखी मागं. तोच शेरा, तीच शाई, तीच सही. चार नावं. दोन मुलं, दोन मुली. मुलांपैकी एकाला मी ओळखत होते, बारकासा होता, शेवटच्या गादीवर असायचा आणि एक दिवस यायचा बंद झाला. त्याचं काय झालं, हे आमच्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं.

"तुझ्या नावापुरतं झालं ना?" सुभेदार म्हणाले. "बाकीच्यांचं तुला काय?"

"दुर्बीण एकच होती, काका."

मी चारही नावांखाली तीच दोन वाक्यं लिहिली. प्रत्येक ठिकाणी सही केली. वेळ लागला, कारण अक्षर घाईचं दिसू नये असं मला वाटत होतं. लिहून झाल्यावर सुभेदार खांबापाशी गेले आणि तिसऱ्या ओळीतलं माझं नाव त्यांनी काट मारून खोडलं. त्या कागदावर खाडाखोड चालत होती.

"क्लबाच्या रजिस्टराला हात लावला म्हणून," ते म्हणाले.

"लिहा तसं," मी म्हटलं. "ते तरी खरं असेल."

मच्छिंद्र माझ्या सायकलपर्यंत आला. तो जालन्याला जाणार होता आणि गेलाही, मला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं माझ्या घंटीवर उगाच टिचकी मारली आणि शेडकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फुली हलती. मी बघितली. कुणी विचारलं तर सांगंन."

पुढची खंडेनवमी आली तेव्हा सुभेदारांनी अण्णांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. अण्णा सोबत आपला पाना घेऊन गेले, लाल नेलपॉलिश खरवडलं, पुढची काच दीड आटा बाहेर घेतली आणि चहा पिऊन परत आले. मला बोलावणं नव्हतं. रजिस्टरातली ती पानं सुभेदारांनी फाडली नाहीत, हेही नोंदवायला हवं. बातमीच्या धंद्यात चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, तळाला, बारीक टाइपात छापतात. आमच्या कचेरीत मी तिच्यासाठी रोज भांडायची आणि लोक वैतागायचे. बहुतेक वेळा जागा नाही असं उत्तर मिळायचं. जागा नेहमी असते. जाहिरातीखाली असते.

रजिस्टरात लिहिलं त्या दिवशी घरी पोचल्यावर अण्णांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, अक्षर नीट काढलंस ना? पण ते संध्याकाळी. त्याआधी एक काम राहिलं होतं. चार नावांपैकी एकापुढं पत्ता होता पडेगावचा. नसीम. मी सायकल रस्त्यावरून आत वळवली, दोन ठिकाणी विचारलं आणि एका निळ्या दाराच्या घरापाशी पोचले. आत शिलाई मशीन चालू होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुलगी, ठेंगणी, बारीक चणीची, मशीनवर बसून शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत होती. शेजारी जोडलेल्या बाह्यांचा ढीग. मी दारात उभी राहून सांगायला लागले. क्लबाचं नाव काढल्याबरोबर तिनं मशीन थांबवली, पण चेहरा वर केला नाही. मी दुर्बिणीचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं, हलणाऱ्या फुलीचं सांगितलं. रजिस्टरात काय लिहिलं ते सांगितलं.

"फिरसे बोल," ती म्हणाली. "क्या लिखी तू?"

मी ती दोन वाक्यं परत म्हटली. तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावली. मग सुईतला तुटलेला दोरा काढला, नवा घेतला आणि माझ्याकडं बघत, सुईकडं न बघता, पहिल्याच फटक्यात ओवला.

"मेरेकू मालूम था," ती म्हणाली. "पर हाथ मेरा, नाम मेरा, मैं बोली तो कौन मानता? अम्मी बी बोली, जाने दे." तिनं दोऱ्याचं टोक तोडलं. "और उनो? सुबेदार साब? क्या बोले?"

"मला संघातून काढलं."

ती हसली, खळखळून. आतून तिच्या आईनं काय झालं म्हणून विचारलं. नसीमनं जोडलेल्या बाह्यांचा ढीग बाजूला सारला, माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि म्हणाली, "अच्छा हुआ. अब दो हो गए. आइतवारकू कित्ते बजे खुलता उनका?"